निनादच्या बापाचं नाव

"हा तुमचा मुलगा," डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या आणि त्यांनी समोरचा पडदा कांचनकडे वळवला.

पडद्यावर एक धूसर गोल ठिपका होता, मधोमध जांभळट गाभा. कांचन हुजरे खुर्चीत पुढे सरकली. तिचा निनाद सात महिन्यांचा असताना गेला, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. त्याचा एकही फोटो तिच्यापाशी नव्हता. ज्या मोबाइलमध्ये होते तो पोलिसांनी जप्त केला, तो परत मिळालाच नाही.

"जिवंत आहे?" तिने विचारलं, आणि विचारल्यावर तिचं तिलाच विचित्र वाटलं.

"ही पेशी जिवंत आहे. तुमच्याच रक्तातून काढलीय." डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवलं. ते साधारण पिठाच्या गिरणीएवढं होतं आणि अगदी बारीक गुणगुणत होतं. "गरोदरपणात बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. बाळंतपण झालं तरी त्या निघून जात नाहीत. हाडांच्या मज्जेत, फुप्फुसात, कधी काळजात जाऊन बसतात आणि तिथे नव्या पेशी तयार करत राहतात. वीस वर्षं, तीस वर्षं. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं. पण लाखो पेशींत एखादीच अशी, ती शोधायची कशी? हे यंत्र आलं तेव्हा ते जमलं. आम्ही याला चाळण म्हणतो."

"चाळते म्हणजे काय करते?"

"केसाहून बारीक नळीतून एकेक पेशी जाऊ देते आणि प्रत्येकीतली जनुकं वाचते. जिच्यातलं सगळं तुमचं, ती पुढे गेली. जिच्यात निम्मं तुमचं आणि निम्मं परकं, ती बाजूला. ते परकं निम्मं बाळाच्या वडिलांकडून आलेलं असतं."

कांचनने नकळत हात पोटावरून काढून मांडीवर ठेवला. बावीस वर्षं निनाद तिच्या अंगात होता, हे ऐकून तिला रडू यायला हवं होतं. पण निनादबरोबर तो माणूसही तिच्या हाडांत मुक्काम करून होता, हे तिला आधी जाणवलं.

अविवाहित पालकांच्या मुलांच्या जन्मनोंदींचा कायदा अलीकडेच बदलला होता. पूर्वी बापाने सही केली तरच त्याचं नाव नोंदीत चढायचं. आता जनुकांचा पुरावा असेल तर बापाच्या संमतीवाचूनही आईला नोंद दुरुस्त करून घेता येत होती. मूल हयात असण्याची अटही गळली होती. ते समजल्याच्या आठवड्यात कांचनने पितृत्व न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, आणि न्यायाधिकरणाने तिला मिरजेच्या या प्रयोगशाळेत पाठवलं.

"आणखी एक गोष्ट सापडलीय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "निनाद कशाने गेला, तेही कळलं."

कांचनने पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"हृदयाच्या पेशींवर बारीक दारं असतात. ठोका पडला की त्या दारांतून क्षार बाहेर जातात, पेशी निवते आणि पुढच्या ठोक्याला तयार होते. निनादच्या जनुकात एक बिघाड होता. त्याची दारं उशिरा उघडायची. एरवी काही कळत नाही. मूल हसतं, खेळतं. पण थंड पाणी, दचकणं, धाप, कधी नुसती झोप, अशा एखाद्या वेळी ठोके भरकटतात आणि हृदय थांबतं. शवविच्छेदनात काही म्हणजे काही दिसत नाही." त्या कांचनकडे वळल्या. "तुम्ही काही केलं नव्हतं, कांचनताई. आंघोळीनंतर तो झोपला आणि गेला, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतंत ना? तसंच झालं."

"हा बिघाड माझ्याकडून गेला?"

"नाही. तो परक्या निम्म्यात आहे. वडिलांना स्वतःला काही त्रास नसेलही. पण त्यांच्या घरात कुणीतरी तरुणपणी अचानक गेलं असेल."

कांचनला एकदम रोहिणी आठवली. धैर्यशीलची धाकटी बहीण. कृष्णेत पोहताना बुडाली, सोळा वर्षांची. "मासोळीसारखी पोहायची गं," तो एकदा कांचनच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला होता. "कशी बुडाली, कळलंच नाही."

"वडिलांच्या प्रत्येक अपत्याला हा बिघाड असण्याची शक्यता निम्मी," डॉक्टर सांगत होत्या. "वेळेवर कळलं तर गोळ्या आहेत, छातीत बसवायचं छोटं यंत्र आहे. माणूस नीट जगतो. नाही कळलं तर... अहवालाची एक प्रत बंद पाकिटात वडिलांकडे जाईल. निकाल लागेपर्यंत त्यातलं एक अक्षरही तुम्ही किंवा मी दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. सांगितलंत तर तुमचा अर्ज रद्द होईल. कायद्यातलं ते कलम फार कडक आहे."

*

धैर्यशील इंगवले तेव्हा सांगलीत वकिलीचं शिकत होता आणि कांचन वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. त्याच्या वडिलांची निवडणूक पार पडली की नोंदणी पद्धतीने लग्न करायचं, असं ठरलं होतं. निवडणूक पार पडली. धैर्यशील पुण्याला गेला आणि त्याचा फोन बंद लागू लागला. कांचनला सहावा महिना होता.

बाळंतपणानंतर नोंदीसाठी बापाचं नाव विचारलं तेव्हा तिने ते सांगितलं. कारकुनाने धैर्यशीलचा नवा नंबर मिळवून रीतसर फोन केला. "मी या बाईला ओळखत नाही," पलीकडून उत्तर आलं. त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली गेली.

निनाद गेला तेव्हा ती रेघच पुरावा ठरली. लग्न नाही, बापाचा पत्ता नाही, पोर नकोसं झालं असणार, उशी दाबली असणार. तपासातल्या एका डॉक्टरांनी विचारलं होतं, दोन्हीकडच्या घरांत कुणी असं अचानक गेलंय का? कांचनच्या घरात कुणी नव्हतं. हवालदार पुण्याला जाऊन धैर्यशीलला भेटून आला. धैर्यशीलने लिहून दिलं की त्याचा या स्त्रीशी आणि तिच्या मुलाशी काही संबंध नाही, तेव्हा त्याच्या घरातल्या मृत्यूंची चौकशी गैरलागू आहे. कांचन तुरुंगात गेली. पुढे पुराव्याअभावी सुटली. पण 'पुराव्याअभावी' हा शब्द गल्लीतल्या बायकांनी कसा उच्चारला ते ती विसरली नव्हती. वडिलांनी दार उघडलं नाही. आई मागच्या दाराने भेटत राहिली, तीही पुढे गेली.

कांचनने मिरजेत बायकांना गाडी शिकवायला सुरुवात केली. आता निम्म्या गाड्या आपोआप चालत होत्या, तरी घाटात आणि गल्लीबोळात हात लागतातच म्हणून तिची ड्रायव्हिंग स्कूल टिकून होती. शेजारच्या सीटवर बसून ती शांतपणे सूचना द्यायची. तिचा आवाज कधी चढत नाही, असं शिकणाऱ्या बायका कौतुकाने सांगायच्या. तो कशामुळे चढत नव्हता, ते त्यांना माहीत नव्हतं. सगळी आग तिने एका माणसासाठी राखून ठेवली होती.

*

"त्यांनी पाकीट घेतलंच नाही," आरवाडे वकील म्हणाले. कांचनचा खटला ते पहिल्यापासून बघत होते. "'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं. त्यांच्या वकिलाने सांगितलं असणार. पाकीट स्वीकारलं तर संबंध मान्य केल्यासारखं होईल. शिवाय रक्ताचा नमुना द्यायलाही हरकत घेतलीय."

"म्हणजे त्याला ठाऊकच नाही?"

"काय ठाऊक नाही?"

कांचनने मान हलवली. वकिलांनाही सांगायची बंदी होती.

"आपण घाई करायची नाही, ताई. हरकत फार तर दोनेक वर्षं टिकेल. शेवटी नमुना द्यावाच लागेल. त्यांचा नाहीतर एखाद्या सज्ञान रक्ताच्या नातेवाइकाचा. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. आपण जिंकणार आहोत."

धैर्यशील आता एका मोठ्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष होता. त्याला एकच मुलगी होती, शाल्मली. वय एकोणीस. तिचे फोटो वर्तमानपत्रात यायचे, गळ्यात पदक आणि केसांतून निथळणारं पाणी. ती पोहायची.

कांचन त्या दिवशी गाडी घेऊन निघाली ती थेट सांगलीत त्याच्या कार्यालयापाशी थांबली. एक वाक्य सांगायचं आणि परत फिरायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. मुलीच्या हृदयाची तपासणी करून घे. बास. त्या मुलीने तिचं काय वाकडं केलं होतं?

धैर्यशीलने तिला ओळखायला एक क्षण लावला. मग उठून दार लावून घेतलं.

"वकिलांमार्फत बोल," तो म्हणाला. केस पिकले होते, पण आवाज तोच, समोरच्याला आपलंसं करणारा.

"भांडायला नाही आले. एक गोष्ट सांगायची आहे."

"कांचन, तुला काय हवंय ते सरळ सांग. विधान परिषदेसाठी माझं नाव चर्चेत आलं आणि नेमकी आत्ताच तुला आठवण झाली?"

"निनादच्या नोंदीत तुझं नाव हवंय."

"कोण निनाद?"

त्याने नजर वळवली. टेबलावर शाल्मलीचा फोटो होता, तो त्याने उगाच सरळ केला.

"बरं, झालं असेल तेव्हा काही," तो हळू आवाजात म्हणाला. "वय होतं आपलं. मी नाही म्हणत नाही. पण ते पोर गेलं ना? मेलेल्या पोराला बाप कशाला लागतो?"

कांचनच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथेच थिजलं. तिने ते गिळलं. गिळताना घशात काही रुतलं नाही, उलट थंडगार वाटलं.

"काय सांगायचं होतं तुला?"

"काही नाही," ती उठत म्हणाली. "पाकीट परत पाठवलंस ते बरं केलंस."

*

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसू लागली.

दिवाळी जवळ आली होती. पुराचं गढूळपण ओसरून नदी निवळली होती. घाटावर पोहणाऱ्यांची गर्दी असायची, म्हातारे, शाळकरी पोरं, पाठीला भोपळे बांधलेले नवशिके. शाल्मली सगळ्यांत आधी पाण्यात उतरायची. सांगलीच्या घाटापासून अंकलीच्या पुलापर्यंतच्या शर्यतीची तयारी चालली होती. ती पाण्यात सूर मारायची तेव्हा कांचनचा श्वास अडकायचा. ती वर यायची तेव्हा तो सुटायचा. तो सुटताना त्यात सुटका जास्त असायची की निराशा, हे कांचनने स्वतःला विचारलं नाही.

मनातल्या मनात तिने ते कितीतरी वेळा घडवलं होतं. पोरगी वर येत नाही. लोक उड्या मारतात. धैर्यशील अनवाणी घाट उतरत येतो. आणि मग कधीतरी, सगळं संपल्यावर, ते पाकीट त्याच्या हातात पडतं. तो ते वाचतो. तारीख बघतो. हा शेवटचा भाग ती पुन्हा पुन्हा घडवायची.

"काकू, तुम्ही रोज येता. पोहायला शिकायचंय का?" एकदा शाल्मलीच टॉवेल गुंडाळून शेजारी येऊन बसली.

"नाही. बघायला येते."

"कुणाला?"

"पाण्याला."

पोरगी हसली. हसताना तिची हनुवटी किंचित डावीकडे वळायची. "मला पण ना, पाणी दिसलं की राहवत नाही. पण परवा काय झालं, मधेच डोळ्यांपुढे अंधार आला. एकदम. म्हटलं गेले आता. मग आपोआप ठीक झालं. बाबा म्हणाले, उपाशीपोटी पोहतेस म्हणून."

कांचन सावरून बसली. आता. आत्ता सांगायला हवं होतं.

"हो ना," ती म्हणाली. "खाऊन येत जा."

परतताना चौकात गाड्या थांबलेल्या होत्या. समोर मोठा फलक लागला होता. गावातल्या एका पुढाऱ्याचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. फुलांच्या चौकटीत त्याचा हसरा चेहरा, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोक करणाऱ्यांची भली मोठी रांग. आमदार, संचालक, मंडळं, तालमी. फलकाखाली उभी राहून दोन अनोळखी बायका डोळे पुसत होत्या.

कांचनने त्या चौकटीत शाल्मलीचा चेहरा बसवून पाहिला आणि तिला पहिल्यांदाच पुढचं सगळं नीट दिसलं. असंच होईल. सगळं गाव धैर्यशीलच्या दारात येईल. त्याच्या खांद्यावर हात ठेवतील. पोरीच्या नावाने शर्यत भरेल, तो दरवर्षी पांढरे कपडे घालून बक्षिसं वाटेल. ते पाकीट? पाकिटाबद्दलही लोक त्याचीच कीव करतील. बिचाऱ्याला माहीतच नव्हतं हो. निनाद गेला तेव्हा कांचनच्या दारात फक्त पोलीस आले होते. मूल गेल्याचं दुःख तिला कुणी करूही दिलं नव्हतं. आणि ती मात्र आता त्याला मानाचं, फुलांनी सजवलेलं दुःख मिळवून द्यायला निघाली होती.

मागच्या गाडीने भोंगा वाजवला तेव्हा ती भानावर आली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मली टोपी घालून पायरीवर उभी होती. कांचनने तिचा दंड धरला.

"उतरू नकोस."

"काय झालं काकू?"

"तुझ्या हृदयात जन्मापासून बिघाड असू शकतो. परवा अंधार आला तो भुकेने नव्हता. मिरजेत डॉ. मुजावर आहेत, आजच्या आज त्यांच्याकडे जा. तपासल्याशिवाय पाण्यात पाय घालू नकोस."

शाल्मलीने हात सोडवून घेतला. "तुम्ही कोण आहात? डॉक्टर?"

"मी तुझ्या भावाची आई."

पोरगी दोन पायऱ्या मागे सरली. ही बाई वेडी आहे, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिने कुणाला तरी हाक मारायला मान वळवली.

"रोहिणी आत्या कशी गेली तुझी?" कांचनने विचारलं.

"पाय घसरून. पाण्यात पडून."

"ती पडली नाही, पोहत होती. तुझ्यासारखीच पोहायची. मला तुझ्या बाबांनी सांगितलंय, आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा."

मग तिने सगळं सांगितलं. रेघ, तुरुंग, चाळण, परत गेलेलं पाकीट. घाटावर लोक ये-जा करत होते, पोरं ओरडत उड्या मारत होती. शाल्मलीने डोक्यावरची टोपी काढली. त्या दिवशी ती पाण्यात उतरली नाही.

*

काही दिवसांनी ती कांचनच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आली. चेहरा ओढलेला होता.

"आहे," ती उभ्यानेच म्हणाली. "माझ्यात पण आहे. गोळ्या सुरू झाल्यात. यंत्र बसवायचंय. नदीत पोहणं बंद."

"बस."

"नको. मला एक सांगा. तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"महिना तरी झाला."

"मी चक्कर आल्याचं सांगितलं, तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही म्हणालात, खाऊन येत जा."

"हो."

"का?"

खोटं बोलायला बरीच जागा होती. कायद्याचं कलम होतं, वकिलांची ताकीद होती. कांचनने त्यातलं काही वापरलं नाही. "तू बुडावीस असं वाटत होतं मला."

"मग थांबवलंत कशाला?"

"तू गेली असतीस तर तो दुःखी बाप झाला असता. सगळ्या गावाने त्याला मायेनं कुरवाळलं असतं. तू जिवंत राहून रोज त्याच्याकडे बघावंस, हे त्याहून वाईट आहे त्याला."

बाहेर एक शिकाऊ गाडी आचके देत थांबली. शाल्मली दाराकडे वळली.

"तुम्ही दोघं एकमेकांना शोभला असतात," ती म्हणाली आणि निघून गेली.

*

धैर्यशीलच्या वकिलाने गोपनीयता भंगाची तक्रार केली. सुनावणीला न्यायाधिकरणाच्या अध्यक्षा सुमेधा करंदीकर होत्या. त्यांनी कांचनला एकच प्रश्न विचारला.

"अहवालातली माहिती तुम्ही तिसऱ्या व्यक्तीला सांगितलीत?"

"सांगितली."

आरवाडे वकिलांनी कपाळावर हात मारला.

"मुलीच्या जिवाला धोका होता हे आम्ही समजू शकतो," अध्यक्षा म्हणाल्या, "पण तुम्हाला आमच्याकडे तातडीची परवानगी मागता आली असती. तुम्ही ती मागितली नाहीत. कलमात सवलत नाही. अर्ज रद्द करण्यात येत आहे. याच कारणासाठी तुम्हाला पुन्हा अर्ज करता येणार नाही."

धैर्यशीलने खुर्चीत अंग सैल सोडलं. बावीस वर्षांची वाट अशी एका वाक्यात संपते, हे कांचनला कळत होतं, पण ते अजून आत पोचत नव्हतं. ती फक्त त्याच्या सैल झालेल्या खांद्यांकडे बघत होती.

"माझा अर्ज घ्या," मागून आवाज आला.

शाल्मली उभी होती. तिच्या हातात कागद होता. "मी सज्ञान आहे. निनादच्या नोंदीत वडिलांचं नाव चुकून राहिलंय. सज्ञान भावंडालाही दुरुस्ती मागता येते, असं कायद्यातच आहे. माझ्या रक्ताचा नमुना मी द्यायला तयार आहे."

"शाल्मली, बस खाली," धैर्यशील म्हणाला.

"नाही बसत."

"अगं, ही बाई तुझा वापर करतेय! कळत नाही का तुला?"

"कळतंय. तिने स्वतः सांगितलं मला. तोंडावर सांगितलं. तुम्ही काय सांगितलंत, बाबा? आत्याचा पाय घसरला होता?"

अध्यक्षांनी हात वर केला, पण त्या थांबवू की नको अशा घोटाळ्यात पडलेल्या दिसल्या.

"त्या पाकिटात माझा जीव होता," शाल्मली म्हणाली. "तुम्ही ते परत पाठवलंत."

"मला काय माहीत त्यात काय होतं?"

"माहीत करून घ्यायचं नव्हतं तुम्हाला. तेव्हा पण. घरात कुणी अचानक गेलंय का, एवढंच विचारलं होतं पोलिसांनी. आत्याचं नाव घेतलं असतंत तर ती बाई तुरुंगात गेली नसती. आणि मी..." तिला धाप लागली. तिने छातीवर हात ठेवला, आणि धैर्यशील एकदम पांढराफटक पडून उठला. "काही होत नाही मला," ती म्हणाली. "गोळी घेतलीय. बसा तुम्ही."

तो बसला.

कांचनने याच क्षणाची बावीस वर्षं वाट पाहिली होती. तिने तो डोळे भरून पाहिला. त्याचा उघडा पडलेला चेहरा, पोरीकडे वर बघणारी त्याची नजर. गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं. शाल्मली जाताना तिच्या अगदी जवळून गेली, पण तिने कांचनकडे पाहिलं नाही.

*

नमुने जुळले. शाल्मली आणि निनाद एकाच बापाची मुलं ठरली. जन्मनोंदीतली रेघ पुसून तिथे नाव आलं. मृत्यूच्या नोंदीत 'कारण अज्ञात' होतं, तिथे हृदयाच्या त्या बिघाडाचं लांबलचक नाव आलं. बाळाचं आडनाव बदलायचं का, असं नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, तेव्हा कांचन म्हणाली, "नाही. हुजरेच राहू दे. बाप फक्त त्याच्या रकान्यात."

वर्तमानपत्रांना बातमी लागली. विधान परिषदेसाठी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव जाहीर झालं. शिक्षणसंस्थेच्या दारावरचा धैर्यशीलच्या नावाचा फलक उतरला. शाल्मली कोल्हापूरला वसतिगृहात राहायला गेली. तिच्या छातीत आता छोटं यंत्र होतं. ती वडिलांचा फोन घेत नाही, असं कांचनच्या कानावर आलं. कांचनलाही तिने कधी फोन केला नाही.

हिवाळा सरत आला होता. कांचन एका नव्या बाईंना गाडीत बसवत होती, तेवढ्यात धैर्यशील फाटकातून आत आला. बरोबर कुणी नव्हतं. दाढी वाढली होती. गाडीपासून काही अंतरावर तो थांबला.

"तिला सांगशील?" तो म्हणाला. "एकदा फोन घे म्हणावं."

"ती माझं तरी का ऐकेल?"

त्याने मान डोलावली, जणू हे उत्तर त्याला अपेक्षितच होतं. तरी तो हलला नाही. चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला.

"कुठे आहे तो?" त्याने विचारलं. "निनाद. कुठे ठेवलंस त्याला?"

त्या 'कोण निनाद?' नंतर त्याच्या तोंडून ते नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं. नीट उच्चारलं त्याने, हळुवार. कांचनचे हात गाडीच्या दारावर घट्ट झाले.

हरिपूरच्या वाटेला, नदीपासून लांब, एका शेताच्या बांधावर कडुलिंबाचं झाड होतं. आईने शेताच्या मालकिणीच्या पाया पडून तेवढी जागा मागून घेतली होती. दरवर्षी निनादच्या वाढदिवसाला कांचन तिथे जायची, झाडाखालचा पालापाचोळा हाताने दूर करायची आणि दुपारपर्यंत बसायची. झाड आता दोन्ही हातांच्या कवेत मावत नव्हतं.

"नदीकाठी होती जागा," ती म्हणाली. "पुरात वाहून गेली."

त्याने विश्वास ठेवला. त्याचे खांदे आत वळले, तोंड अर्धवट उघडं राहिलं. तो वळला आणि फाटकाकडे चालू लागला.

कांचन गाडीत जाऊन बसली. पट्टा लावताना तो दोनदा निसटला. शेजारच्या बाई घाबरून तिच्याकडे बघत होत्या.

"आरसा बघा," ती आपल्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली. "मागे माणूस आहे. तो जाऊ दे, मग ब्रेकवरचा पाय हळूहळू उचला."